गरीब गोऱ्यांना गोरेपणाचा फायदा होतो का?

ओहायोकर

प्रश्न शीर्षकातच आहे, आणि माझं मतही आधीच सांगून टाकतो: फारसा होत नाही. निदान आपण इथले भारतीय ज्या ठसक्यात 'व्हाइट प्रिव्हिलेज' म्हणतो तितका तर नाहीच.

मी ओहायोच्या आग्नेय कोपऱ्यात राहतो, नदी ओलांडली की वेस्ट व्हर्जिनिया. कारखान्यात प्रोसेस इंजिनिअर आहे. मेंटेनन्सची माणसं जवळपास सगळी गोरी, बारावी झालेली किंवा तीही नाही. त्यातला एक ट्रेलरमध्ये राहतो. इकडची भानगड माहीत नसेल त्यांच्यासाठी: ट्रेलर म्हणजे चाकांवरचं घर. ते आपलं, खालची जागा ट्रेलर पार्कवाल्याची. पार्क एका गुंतवणूकवाल्या कंपनीने विकत घेतला आणि जागेचं भाडं वाढवत नेलं. ट्रेलरला चाकं नावापुरती. हलवायला जो खर्च येतो तो ट्रेलरच्या किमतीच्या वर जातो, आणि जुना ट्रेलर दुसरा पार्क घेत नाही. गुडघा कामातून गेलाय, पण ऑपरेशन केलं तर सुटीचे पैसे कोण देणार म्हणून पट्टा बांधून शिडी चढतो.

मध्यंतरी एचआरने आम्हाला एका खोलीत बसवून गोरेपणाच्या फायद्यांच्या स्लाइड दाखवल्या. हा मागून म्हणाला, "माझ्या वाटणीचा फायदा कुठे ठेवलाय तेवढं सांगा, शुक्रवारी भाडं भरायचंय." सगळे हसले. स्लाइडवाली बाईही हसली आणि पुढच्या स्लाइडवर गेली.

मी सावळा. माझं चार बेडरूमचं घर, मुलगी खाजगी शाळेत, दर दोन वर्षांनी पुण्याची फेरी. त्या खोलीत माझ्याकडे बघून कुणी काही बोललं नाही.

फायदा आहे म्हणणाऱ्यांनी तो नेमका कुठे दिसतो ते दाखवावं. हवेतलं नको. आणि कृपया पक्षांवर येऊ नका, त्यासाठी दुसरे धागे तुंबून वाहतायत.

डब्बल बेल

जागा धरून ठेवतो. प्रतिसादांची शंभरी नक्की.

नर्मदेतला गोटा

दाखवा म्हणालात, दाखवतो. देवा पेजर या समाजशास्त्रज्ञ बाईंचा मिल्वॉकीतला प्रयोग, २००३ साली छापून आला. त्यांनी सारख्या शिक्षणाची, सारख्या बोलण्याचालण्याची तरुण मुलं साध्या नोकऱ्यांना अर्ज करायला पाठवली. गोदामातली, डिलिव्हरीची, हॉटेलातली कामं. म्हणजे तुमच्या ट्रेलरवाल्याचीच दुनिया, हार्वर्ड-बिर्वर्ड नाही. काहींच्या अर्जावर ड्रग्जच्या गुन्ह्यात तुरुंगवास झाल्याचं लिहिलं, काहींच्या नाही.

स्वच्छ गोऱ्यांना ३४ टक्के ठिकाणांहून बोलावणं आलं. तुरुंगातून आलेल्या गोऱ्यांना १७. स्वच्छ काळ्यांना १४. तुरुंगातून आलेल्या काळ्यांना ५.

१७ आणि १४ हे आकडे परत एकदा वाचा आणि मग 'फारसा होत नाही' म्हणा.

ओहायोकर

वाचले. यातून काळ्यांवर अन्याय होतो हे सिद्ध होतं, आणि त्यावर माझा वाद नाहीच. पण ३४ टक्के ठिकाणांहून बोलावणं येणं हा गोऱ्याचा फायदा कसा? सगळ्यांना जे मिळायला हवं तेच त्याला मिळालं. तेही ६६ ठिकाणी नाहीच.

खडीसाखर

नोकऱ्या मोजक्या असतात हो. रांगेतल्या अर्ध्या लोकांना बाजूला काढलं की उरलेल्यांचा नंबर लवकर लागतो. त्यांनी कुणाला ढकललं नसेल, पण पुढे तर सरकले.

उंटावरचा शहाणा

रांगेचा विषय काढू नका. इथे ग्रीनकार्डवाले बसलेत, भावना दुखावतात.

डोंगरातली डॉक्टरीण

मी दक्षिण वेस्ट व्हर्जिनियात असते. जे-वन वेव्हरवर, म्हणजे डॉक्टर कमी असलेल्या भागात काही वर्षं काम करायच्या अटीवर आले, नेमून दिलेली वर्षं संपली की शहर गाठायचं असं ठरवून आले होते, ते राहूनच गेलं. इकडच्या खेड्यांत डॉक्टर म्हणजे पुष्कळदा भारतीय, पाकिस्तानी नाहीतर फिलिपिनो. गोरे डॉक्टर इकडे फिरकत नाहीत.

माझे पेशंट म्हणजे ओहायोकरांचा ट्रेलरवाला, पण त्याच्याही दोन पायऱ्या खाली. जुन्या खाणकामगाराचे हात बघितलेत का कधी? जखम भरताना कोळशाची पूड आतच राहते आणि कातडीखाली निळसर रेघ उमटते. पाठीवर, कपाळावर, बोटांच्या पेरांवर. आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून येतात, पण ती रेघ जात नाही. आता मोठे थर संपले, बारीक थर काढायला आजूबाजूचा दगडही कापावा लागतो, त्यामुळे सिलिकाची धूळ छातीत जाते आणि चाळिशीतली माणसं ऑक्सिजनचं नळकांडं ओढत येतात. मध्य अ‍ॅपालाचियात, म्हणजे या आमच्या डोंगराळ पट्ट्यात, पंचवीस वर्षांवर खाणीत काढलेल्या दर पाचांतल्या एकाला ब्लॅक लंग, म्हणजे खाणीच्या धुळीने होणारा फुफ्फुसाचा आजार आहे, हे २०१८ मध्ये सरकारी संशोधकांनीच सांगितलं. ही माणसं बहुतेक गोरी. यांना जाऊन 'तुमचं नशीब थोर' म्हणायची माझी तरी छाती नाही.

आता दुसरी बाजू. आमच्या शेजारच्या मिंगो काउंटीत कर्मिट नावाचं गाव आहे, वस्ती चारशेच्या आसपास. तिथल्या एका औषधाच्या दुकानात दोन वर्षांत जवळजवळ ९० लाख गोळ्या आल्या. अफूच्या जातीच्या, दुखण्यावरच्या. गावात झळ न लागलेलं घर असं उरलं नाही. पण यावर देश काय म्हणाला? आजार आहे म्हणाला. उपचार केंद्रं काढा, कंपन्यांना कोर्टात खेचा, पोलिसांच्या गाडीत नालोक्सोन, म्हणजे अफूच्या अतिसेवनावरचा उतारा, ठेवा. सगळं योग्यच.

१९८६ साली क्रॅकची, म्हणजे ओढायच्या कोकेनच्या खड्यांची, साथ काळ्या वस्त्यांत होती तेव्हा काय झालं होतं? कायदा आला: ५ ग्रॅम क्रॅक सापडलं की किमान पाच वर्षं तुरुंग. तेवढ्याच शिक्षेसाठी पांढरी कोकेन पावडर लागायची ५०० ग्रॅम. एकास शंभर. ते २०१० मध्ये एकास अठरावर आणलं, संपवलं नाहीच.

माझ्या पेशंटला गोरेपणाने काय दिलं म्हणून विचाराल तर मी म्हणेन, व्यसन लागल्यावर 'पेशंट' म्हणवून घेता आलं. ओहायोकर, हे हवेतलं नाही, माझ्या रजिस्टरातलं आहे.

बंड्या सातारकर

डॉक्टरीणबाई, दंडवत घ्या. असे प्रतिसाद आले की धागा उघडल्याचं सार्थक होतं.

वाचनमात्र

व्यसनाचं अंशतः पटलं. पण गोऱ्यांना उपचार मिळाले म्हणून ते वाचले असं नाही ना झालेलं. अ‍ॅन केस आणि अँगस डीटन या अर्थतज्ज्ञांनी २०१५ मध्ये दाखवलं की मध्यमवयीन, कॉलेज न झालेल्या गोऱ्यांचा मृत्युदर वाढत होता. दारू, गोळ्या, आत्महत्या. श्रीमंत देशांत हे उलटं चक्र दुसरीकडे कुठे दिसत नव्हतं. फायदा मिळालेला समाज असा मरतो का?

नर्मदेतला गोटा

त्याच अभ्यासात काळ्यांचा मृत्युदर गोऱ्यांच्या वरच होता. खाली येत होता, पण वरच. आणि २०२० पर्यंत ड्रग्जच्या अतिसेवनाने मरण्याचं प्रमाणही काळ्यांत गोऱ्यांहून वर गेलं. बातमी गोऱ्यांची झाली, कारण त्यांचं मरणं अनपेक्षित होतं.

ताम्रपट

इतिहासात गेल्याशिवाय हा गुंता सुटणार नाही, म्हणून जरा लांबण लावतो.

१६७६ साली व्हर्जिनियात नॅथॅनिएल बेकनचं बंड झालं. त्या बंडाच्या फौजेत करारावर राबायला आणलेले गोरे नोकर आणि काळे गुलाम एकत्र होते, जेम्सटाउन जाळलं त्यांनी. बेकन स्वतः काही संत नव्हता, मूळ भांडण तिथल्या मूळनिवासी इंडियनांना मारून जमीन घेण्याचं होतं. पण गोरा कंगाल आणि काळा कंगाल एका बाजूला उभे राहिलेले बघून मळेवाल्यांची झोप उडाली. १७०५ च्या कायद्यात त्याचं फळ दिसतं. काळ्या गुलामाच्या मालकीची गुरंढोरं जप्त करून विकायची आणि पैसा गावातल्या गरीब गोऱ्यांना द्यायचा. गोऱ्या नोकराची मुदत संपली की मालकाने त्याला दहा बुशेल मका, तीस शिलिंग आणि एक बंदूक द्यायची. गोऱ्या ख्रिस्ती नोकराला नागवं करून फटके मारायचे तर आधी न्यायाधीशाची परवानगी काढायची.

थोडं हातावर ठेवायचं आणि चामडी जरा कमी सोलायची. गरीब गोऱ्याचा फायदा म्हणतात तो हाच, आणि तो त्याला कुणी प्रेमाने दिलेला नाही. मळेवाल्यांनी आपली मान वाचवायला दिला.

पुढे १९३५ मध्ये डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस या काळ्या समाजशास्त्रज्ञाने यावर बोट ठेवलं. दक्षिणेतल्या गोऱ्या मजुराला पगार तुटपुंजाच मिळायचा, पण त्यावर एक मानाची, मनाची मजुरी मिळायची. बागेत शिरता यायचं, त्याची पोरं बऱ्या शाळेत जायची, पोलीस त्याच्यातलेच असायचे, कोर्ट जरा नरमाईने घ्यायचं, लोक अदबीने बोलायचे. ओहायोकर 'भाडं भरायचंय' म्हणतात, त्याला उत्तर हे की ही मजुरी भाडेवाल्याकडे चालत नाही. म्हणून ती मिळतच नव्हती असं नाही.

उंटावरचा शहाणा

दहा बुशेल मका आणि बंदूक. आमच्या कंपनीत दिवाळीला सोनपापडी देतात. एकंदरीत १७०५ बरं.

ओहायोकर

ताम्रपट, मानाची मजुरी हा मुद्दा आवडला. पण १९३५ च्या दक्षिणेचं आज काय? बागेत आता सगळेच जातात.

जर्सीचा जावई

सगळेच जातात, पण बागेच्या शेजारी घर कुणाचं आहे? १९४४ चा जीआय कायदा घ्या. लढाईवरून परतलेल्यांना सरकारी हमीवर घर, शेती, धंद्यासाठी कर्ज. कागदावर सगळ्यांना. १९४७ साली मिसिसिपीतल्या १३ शहरांत अशी ३,२२९ कर्जं दिली गेली, त्यातली काळ्या सैनिकांना दोन. दोन टक्के नव्हे, दोन.

आणि हे वरच्या वर्गाचं नव्हतं. लेव्हिटाउन नावाच्या, एकसारख्या स्वस्त घरांच्या वसाहतींतली घरं गिरणी-कारखान्यातल्या लोकांसाठीच होती, माजी सैनिकाला सुरुवातीला खिशातून जवळजवळ काही घालावं लागत नसे. पेनसिल्व्हेनियाच्या लेव्हिटाउनात पोलाद कारखान्यातले कामगार राहायचे. १९५७ मध्ये तिथे पहिलं काळं कुटुंब आलं तेव्हा त्यांच्या घराबाहेर रात्री जमाव जमायचा, दगड पडायचे. तो जमाव बँकवाल्यांचा नव्हता.

घराचं काय असतं ते आपल्या लोकांना सांगायला नको. त्यावर पुढच्या पिढीचं कॉलेज होतं, म्हातारपण निघतं. २०२२ चा फेडरल रिझर्व्हचा आकडा: मध्यातल्या गोऱ्या कुटुंबाची मालमत्ता २,८५,००० डॉलर, काळ्या कुटुंबाची ४४,९००.

अवांतर पण सांगतोच. माझे सासरे सत्तरच्या दशकात जर्सी सिटीत आले. १९८७ मध्ये तिथे 'डॉटबस्टर्स' नावाची टोळी होती, कुंकू लावणाऱ्या बायकांवरून ठेवलेलं नाव. एका भारतीय तरुणाचा जीव घेतला गेला त्या काळात. सासूबाई वर्षभर बाहेर जाताना टिकली काढून पर्समध्ये ठेवायच्या. ती पोरं काही वॉल स्ट्रीटवरची नव्हती, गल्लीतलीच होती. त्यामुळे 'बिचारा गोरा कामगार' म्हटलं की आमच्या घरी भुवया वर जातात.

वाचनमात्र

डॉटबस्टर्समध्ये सगळे गोरे नव्हते, हेही लिहा की.

जर्सीचा जावई

बरोबर, नव्हते.

मिरजेची मावशी

मला एक कळत नाही. आपण भारतीय कुठल्या रांगेत? गोऱ्यांच्या की काळ्यांच्या?

ताम्रपट

मावशी, हा प्रश्न अमेरिकन कोर्टालाही पडला होता. १७९० च्या कायद्याने नागरिकत्व फक्त 'स्वतंत्र गोऱ्या माणसाला' होतं. १९१० मध्ये मुंबईचे पारशी कापूस-व्यापारी भिकाजी बल्सारा कोर्टात गोरे ठरले आणि नागरिक झाले. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड सुप्रीम कोर्टात गेले. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते ते. कोर्ट म्हणालं, शास्त्र काहीही म्हणो, साध्या माणसाच्या समजुतीत तुम्ही गोरे नाही. त्यावरून आधी मिळालेली नागरिकत्वंही काढून घेतली गेली.

यात 'साधा माणूस' कोण, ते बघा. १९०७ च्या सप्टेंबरात वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅमला लाकडाच्या गिरण्यांतल्या गोऱ्या कामगारांनी पंजाबी मजुरांना बिछान्यांतून ओढून गावाबाहेर हाकललं. हे मजुरी पाडतात, ही तक्रार. मजुरी गिरणीमालक पाडत होते. मालकाच्या घरावर कुणी गेलं नाही.

खडीसाखर

आणि आजही सोयीप्रमाणे आपण बल्सारा होतो आणि सोयीप्रमाणे थिंड. कॉलेजच्या प्रवेशाला वेगळे, सबर्बात घर घेताना गोऱ्यांच्यातले. २०१५ मध्ये अलाबामात नातवाला सांभाळायला आलेले गुजराती आजोबा फुटपाथवरून चालत होते. कुणीतरी फोन केला, काळा माणूस हिंडतोय. पोलिसाने जमिनीवर आपटलं, अंग लुळं पडलं. ओहायोकरांचा ट्रेलरवाला त्याच फुटपाथवरून पट्टा बांधलेल्या गुडघ्याने लंगडत गेला असता तर कुणी फोन लावला असता? चार बेडरूमच्या घरातून बाहेर पडलं की ओहायोकरांच्या हुडीवर पगाराचा आकडा लिहिलेला नसतो.

डब्बल बेल

हे लागलं.

सरळमार्गी

गोरा-काळा राहू द्या, हे सगळं आपल्याकडच्या गरीब ब्राह्मणासारखंच आहे. माझे आजोबा वार लावून जेवून शिकले. सात घरी सात वार, एका वारी पाणी पिऊन झोपायचे. त्यांच्या नातवाला आज विशेषाधिकारी म्हणतात. कसला विशेषाधिकार?

वसंता लातूर

सरळमार्गी, आजोबांबद्दल आदर आहे, खरंच. पण वार लावायला घरं मिळाली ना? त्याच गावातल्या महारवाड्यातला तेवढाच भुकेला, तेवढाच हुशार पोरगा असता तर कुणाच्या ओसरीवर त्याचं पान मांडलं असतं? भूक दोघांची सारखी. दार एकालाच उघडं. एवढंच म्हणणं आहे लोकांचं.

सरळमार्गी

म्हणजे उपाशी राहण्याचंही श्रेय नाही आम्हाला. छान.

वसंता लातूर

श्रेय पूर्ण आहे. ओसरीबद्दल बोलतोय मी.

सरळमार्गी

आता हे आरक्षणावर जाणार, मला माहितीये.

व्यवस्थापक

जाणार नाही. त्यासाठी स्वतंत्र धागा आहे, तिकडे जा. इथले पुढचे तीन प्रतिसाद उडवले आहेत.

बंड्या सातारकर

उडवलेल्यात माझा एक विनोदही गेला. निषेध.

वसंता लातूर

व्यवस्थापक, अमेरिकेबद्दलच लिहितो, हे उडवू नका. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामगिरी मोडणाऱ्या लोकांना. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये ड्यू बॉइसना पत्र लिहिलं होतं. १९७२ ला मुंबईत दलित पँथर निघाली ती ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. तेव्हा हा विषय आपल्याला लांबचा नाही.

त्या ब्लॅक पँथरची एक गोष्ट इथे नेमकी लागू पडते. १९६९, शिकागो. फ्रेड हॅम्प्टन नावाचा विशीतला पोरगा. त्याने पोर्तोरिकन यंग लॉर्ड्सशी आणि अपटाउन भागातल्या यंग पेट्रियट्सशी युती केली. हे पेट्रियट्स म्हणजे डॉक्टरीणबाईंच्या डोंगरातून पोट भरायला शहरात आलेले गोरे. जाकिटावर गुलामीवाल्या दक्षिणेचा झेंडा शिवलेला! आणि काळे पँथर त्यांच्या सभांना जायचे, कारण घरमालक सारखाच, पोलीस सारखाच. हॅम्प्टनने त्यांना आधी 'तुमचे फायदे मोजा' असं सांगितलं नाही, दवाखाना काढू या म्हणाला. डिसेंबर १९६९ मध्ये पोलिसांनी त्याला झोपेत मारलं. एकवीस वर्षांचा होता.

ओहायोकर

वसंता, हेच तर मी म्हणतोय! आधी दवाखाना.

वसंता लातूर

नाही, तुम्ही म्हणताय की फायदा नाहीच. हॅम्प्टनला तो आहे हे पक्कं ठाऊक होतं. झेंडा दिसत होता त्याला.

मीनल लेस्टर

इंग्लंडमधून थोडं. इथे २०२१ च्या जूनमध्ये संसदेच्या शिक्षण समितीचा अहवाल आला होता. शाळेत मोफत जेवण घेणाऱ्या, म्हणजे गरीब घरच्या गोऱ्या ब्रिटिश मुलांपैकी १९ व्या वर्षापर्यंत विद्यापीठात जात होती फक्त १६ टक्के. तितक्याच गरीब काळ्या, बांगलादेशी, भारतीय मुलांचं प्रमाण कितीतरी वर. मी शाळेत सहायक शिक्षिका आहे. बंद पडलेल्या विणकामाच्या कारखान्यांच्या मागच्या वस्तीतली मुलं आमच्याकडे येतात. 'बाबा पण शाळेत नापास झाले होते' हे सहा वर्षांचं पोर अभिमानाने सांगतं. आपल्याकडच्या आया दप्तर तपासतात, इथल्या आया शाळेच्या फाटकाच्या आत यायला घाबरतात, त्यांना शाळा म्हणजे अपमान आठवतो. यांच्यापुढे गोरेपणाचा फायदा शिकवायला मला तरी तोंड नाही.

नर्मदेतला गोटा

मीनल, पण स्थलांतर करून आलेले लोक निवडून आलेले असतात. देश सोडायची धमक असलेले. शिवाय ती मुलं मोठ्या संख्येने लंडनमध्ये, जिथल्या शाळा सुधारल्या. तुमच्या वस्तीचा प्रश्न मला जागेचा आणि वर्गाचा वाटतो. तो खरा आहेच. पण त्यावरून कातडीला काही किंमत नाही असं निघत नाही.

मीनल लेस्टर

मी तसं म्हटलंच नाहीये. आधी कुणाला काय सांगायचं हा माझा प्रश्न आहे.

जोबर्गचा पाहुणा

दक्षिण आफ्रिकेचं उदाहरण कुणी कसं आणलं नाही? १९२२ चा रँडचा, म्हणजे जोहान्सबर्गच्या सोन्याच्या खाणींतला संप. सोन्याचा भाव पडला, खाणमालकांनी गोऱ्या कामगारांच्या जागी स्वस्तातले काळे घ्यायचं ठरवलं. गोरे कामगार बंदुका घेऊन उतरले. फलकावर काय होतं माहितीये? 'जगातल्या कामगारांनो, गोऱ्या दक्षिण आफ्रिकेसाठी एक व्हा.' मार्क्सने कपाळ बडवून घेतलं असतं. पंतप्रधान स्मट्सने विमानांतून बॉम्ब टाकून संप मोडला, पण १९२४ ला सरकार पडलं आणि नव्या सरकारने 'सुसंस्कृत मजुरी'चं धोरण आणलं. रेल्वेत काळ्यांना काढून गरीब गोरे भरले, गोऱ्याला जगता येईल असा पगार देऊन. म्हणजे कामगार हरला आणि गोरेपणा जिंकला. तिथे फायदा चक्क सरकारी पगारपत्रकावर होता, शोधावा लागत नव्हता.

उंटावरचा शहाणा

धागा आफ्रिकेत पोचला. अंटार्क्टिकातले सदस्य कुठे आहेत? तिथे तर सगळंच गोरं.

डोंगरातली डॉक्टरीण

आमच्या डोंगरात उलटंही झालंय, म्हणून लिहिते. १९२१ ला ब्लेअर माउंटनवर दहा हजारांच्या आसपास खाणकामगार युनियनसाठी बंदुका घेऊन चालून गेले. डोंगराळ गोरे, अलाबामाहून आलेले काळे, इटालियन, सगळे एकत्र, गळ्यात लाल रुमाल. कंपनीच्या गावात घर कंपनीचं, दुकान कंपनीचं, पगार कंपनीच्याच बिल्ल्यांत. शेरीफच्या माणसांनी विमानातून बॉम्ब टाकले. मग सरकारी सैन्य आलं आणि लढाई संपली. माझ्या एका म्हाताऱ्या पेशंटकडे आजोबांच्या हातचा तसा एक बिल्ला आहे, चिमटीत धरून दाखवतो. त्याचा नातू आज जे बोलतो ते मात्र ऐकवत नाही.

खडीसाखर

गोरेपणाचा गरिबांना तोटा किती झाला तेही मोजा. अलाबामातल्या मोंटगोमेरीत कोर्टाने बागा सगळ्यांना खुल्या करा म्हटल्यावर शहराने १ जानेवारी १९५९ पासून सगळ्या बागाच बंद केल्या. ओक पार्कचा मोठा पोहण्याचा तलाव मातीने भरून टाकला. बागा १९६५ ला उघडल्या, तलाव कधीच नाही. श्रीमंत गोऱ्यांनी आपापले क्लब काढले. उन्हाळ्यात तडफडलं कोण? काळ्यांची पोरं आणि गरीब गोऱ्यांची पोरं. त्यातल्या गोऱ्या बापांनी या निर्णयाला टाळ्या दिल्या होत्या.

वाचनमात्र

मार्टिन ल्यूथर किंग यांनी फेब्रुवारी १९६८ च्या एका प्रवचनात बर्मिंगहॅमच्या तुरुंगातली गोष्ट सांगितली होती. गोरे जेलर येऊन वाद घालायचे, वर्णभेद कसा योग्य आहे वगैरे. बोलता बोलता त्यांनी पगार सांगितला. किंग म्हणाले, अरे, तुम्ही तर आमच्या मोर्च्यात पाहिजे, तुम्ही आमच्याइतकेच गरीब!

आणि आजच्या आकड्यांबद्दल: अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि मंडळींचा २०२४ चा अभ्यास बघा. १९७८ ला जन्मलेल्यांच्या तुलनेत १९९२ ला जन्मलेल्या गरीब घरच्या गोऱ्या मुलांची मोठेपणीची कमाई घसरली, गरीब काळ्या मुलांची वाढली. दोघांतलं अंतर सुमारे ३० टक्क्यांनी कमी झालं. अजून आहे, पण कमी झालं. गोऱ्यांतल्याच गरीब-श्रीमंतांतलं अंतर मात्र वाढलं. माझा अंदाज, ट्रेलरवाल्याला हीच घसरण जाणवते. मानाची मजुरीही आता पूर्वीसारखी मिळेना.

ताम्रपट

पटलं. या मजुरीत कपात झाली की माणूस मालकाकडे जात नाही, शेजाऱ्याच्या ताटात बघतो.

ओहायोकर

बरेच दिवसांनी येतोय, कारखान्यात शटडाउनचं काम होतं. मूळ प्रश्नाकडे वळतो.

तुमचं सगळं वाचून मी त्या मेंटेनन्सवाल्याला जेवणाच्या सुटीत सरळ विचारलं, तू इथे लागलास कसा? तो म्हणाला, मेव्हण्याने चिकटवलं. मेव्हणा कसा लागला? त्याच्या काकाने. त्याने स्वतः चुलतभावाला आणलंय, दारू पिऊन गाडी चालवल्याची केस असताना. फोरमन म्हणाला होता, पोरगा चांगल्या घरचा आहे. हातात कसब आणि युनियनचा पगार देणारी ही कामं अशीच घरातल्या घरात फिरतात. म्हणूनच १९६९ ला निक्सनच्या काळात सरकारी बांधकामांत काळ्यांच्या भरतीची उद्दिष्टं घालून देणारा फिलाडेल्फिया प्लॅन आला, बांधकामातल्या युनियनी काळ्यांना शिकाऊ म्हणूनसुद्धा घेत नव्हत्या तेव्हा.

तर फायदा दिसला. तो भाड्यात दिसत नाही, भरतीत दिसतो. पण एचआरच्या स्लाइडवर यातलं एक अक्षर नव्हतं. तिथे त्याला 'तू आत्मपरीक्षण कर' सांगितलं, आणि भरतीची पद्धत आहे तशी राहिली, कारण ती बदलायला पैसे आणि भांडण दोन्ही लागतं. ट्रेलर पार्कचं भाडं वाढवणारा तर त्या खोलीत नव्हताच. माझा राग त्या स्लाइडवर होता आणि अजून आहे.

नर्मदेतला गोटा

मेंटेनन्समध्ये काळे किती आहेत तुमच्याकडे?

ओहायोकर

एक. रात्रपाळीला.

मिरजेची मावशी

मग त्याला विचारलंत का तो कसा लागला? एवढा मोठा धागा झाला, त्याचं म्हणणं काही आलंच नाही.

ओहायोकर

नाही विचारलं मावशी. पुढच्या आठवड्यात माझी रात्रपाळी आहे, डबा घेऊन त्याच्याकडे जाऊन बसतो.

डब्बल बेल

शंभरी हुकली. त्याच्याशी बोलून आल्यावर लिहा मात्र.